पोरक्या रोटांचा शिक्का

मी एक जुना लाकडी शिक्का आहे, मित्रांनो. शिक्का म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कचेरी, शाई आणि चष्म्यातून बघणारा कारकून येत असेल. तसला मी नव्हे. मी रोटावर उठणारा शिक्का. फ्रेंचांच्या अमलाखालच्या नेद्रोमा गावाच्या विणकर आळीत घरोघर रव्याची कणीक मळायची, तिचे जाड गोल रोट थापायचे आणि फळीवर मांडून आळीच्या सामाईक भट्टीत भाजायला न्यायचे, अशी रीत होती. भट्टी एक आणि घरं ढीगभर. कोणता रोट कुणाचा हे कळावं म्हणून प्रत्येक घराचा आपापला शिक्का असायचा.

आता तुम्हीच सांगा. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास असता तर माझं काय काम होतं? माझा जन्मच मुळी संशयापोटी झालेला. त्यामुळे गोड बोलणारा माणूस दिसला की मी आधी त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघतो. स्वभावाला औषध नसतं म्हणा आणि पुढे ऐका.

मला कोरलं मन्वर विणकराने, त्याच्या लग्नानंतर काही दिवसांतच. झालं असं, की त्याची नवी नवरी रहमूना गव्हाचे पांढरे रोट घेऊन भट्टीवर गेली आणि परतली ती कुणाचे तरी जवाचे काळे रोट घेऊन. झालं! रहमूनाने आळी डोक्यावर घेतली. माझा पांढरा रोट गिळला कुणी, असं विचारत ती दारोदार फिरली. मन्वर बिचारा गरीब स्वभावाचा. त्याने भांडण मिटवण्यासाठी ऑलिव्हच्या फांदीचा तुकडा घेतला, त्यावर आपल्या मागाची फणी कोरली आणि तेल पाजून मला गुळगुळीत केलं. मी रोटावर इतका स्वच्छ उठायचो, की शेजारणी बोटाने चाचपून बघायच्या. त्या कौतुकाने मी सुखावत असे, पण चाचपणाऱ्या बोटांवर माझी नजर असे.

शिक्का मारायचा तो भट्टीवर पोचल्यावर. घरीच मारला तर वाटेत कणीक फुगते आणि खूण पुसट होते. म्हणून मी रोज रहमूनाच्या पांढऱ्या चादरीच्या गाठीत बसून भट्टीवर जायचो. तिथे कुईदर भट्टीवाला असायचा. आडव्या बांध्याचा, भुवया आगीने कायमच्या जळालेल्या, आणि नाकात सतत तपकीर. कधी कुणी शिक्का मारायला विसरे आणि भाजून झाल्यावर एखादा रोट बिनखुणेचा निघे. तो कुणीच आपला म्हणू शकत नसे. अशा रोटाला आळीत 'पोरका' म्हणत, आणि शुक्रवारी तो भिकाऱ्याच्या पदरात पडे. पोरका रोट आठवड्याला एखादाच निघायचा. ही गोष्ट त्या पोरक्या रोटांचीच आहे.

आळीत बातमी यायची तीही भट्टीवरच. मिलूद लाकडवाला डोंगरातून गाढवावर सरपण लादून आणायचा आणि सरपणाबरोबर बातम्याही उतरवायचा. युरोपातली मोठी लढाई संपली त्या वसंतात त्याने सांगितलं, की विजयाच्या मिरवणुकीत पूर्वेकडच्या आपल्या लोकांनी आपला झेंडा काढला, आणि फ्रेंचांनी गोळ्या घातल्या. एका मिरवणुकीत नव्हे, गावंच्या गावं.

"जर्मनाला मारायला आमची पोरं चालतात," कुईदर मोठ्याने म्हणाला, "आणि आमचा झेंडा तेवढा चालत नाही होय?"

बायका हसल्या. त्या काळी अजून मोठ्याने बोलता येत होतं.

पुढे निवडणुका आल्या. मतदानाच्या पेट्या सकाळी आल्या त्याच मुळी भरलेल्या. मन्वर आणि आणखी काही विणकर चौकीवर विचारायला गेले, की साहेब, आम्ही मत देण्याआधीच आमचं मत पेटीत कसं? नुसतं विचारायला गेले होते, हातात काठीसुद्धा नव्हती. मन्वरला बडवून परत पाठवलं ते खोकल्यासकट. त्यानंतर त्याला मागावर बसवेना. पुढच्या थंडीत तो गेला. मला घडवणारा हात गेला, मित्रांनो, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून भट्टीवरचा आवाज खाली आला. सुरुवातीला बायका हळू बोलत, मग बोलता बोलता थांबत, मग नुसत्या एकमेकींच्या फळीकडे बघत. एका हेमंतात देशभर एकाच वेळी स्फोट झाले, आणि त्यानंतर वर्षभरात आमच्या फिलाउसेन डोंगरातही बंदुका बोलू लागल्या. सरकार त्याला युद्ध म्हणायला तयार नव्हतं. त्यांच्या तोंडी शब्द होता 'घडामोडी'. घडामोडींसाठी इतक्या तोफा कशाला लागतात, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि मग सुरू झाला संशय. आम्हा शिक्क्यांचा, रोटांवरून येणारा नव्हे, त्याहून मोठा. पहाटे कुणाच्या घरी शिपाई आले, की दुपारी आळी विचारायची, नाव सांगितलं कुणी? दूधवाल्यावर संशय, न्हाव्यावर संशय, मशिदीत उशिरा येणाऱ्यावर आणि लवकर येणाऱ्यावरही. सगळ्यांत जास्त संशय कुईदरवर. कारण त्याचा भाऊ फ्रेंच चौकीवर पहारेकरी होता, आणि कारण प्रत्येक घरात किती तोंडं जेवतात हे भट्टीवाल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वर डोंगरात फ्रेंचांशी लढणाऱ्या आपल्या लोकांनी फर्मान काढलं, की तंबाखू सोडा, तिचा कर फ्रेंचांच्या तिजोरीत जातो. सगळ्या आळीने सोडली. कुईदरने तपकीर ओढणं चालूच ठेवलं.

"अहो कुईदर, जिवाची तरी भीती बाळगा," एक म्हातारी त्याला म्हणाली.

"मी बाळगतो हो," तो शिंकून म्हणाला. "माझं नाक बाळगत नाही."

कुणी हसलं नाही. बायका घरी जाऊन म्हणाल्या, बघितलंत? चौकीचा पाठिंबा असल्याशिवाय एवढा माज येत नाही.

आणि याच दिवसांत पोरके रोट वाढायला लागले. आठवड्याला एक निघायचा तो रोज एक निघू लागला, मग चार-पाच, मग फळीभर. विसराळू बायका एवढ्या वाढल्या कशा, असं कुणी विचारत नव्हतं. शुक्रवारचे भिकारी मात्र होते तेवढेच होते. मिलूदचं गाढव सरपण उतरवून डोंगराकडे परत निघे तेव्हा त्याच्या रिकाम्या गोण्या रिकाम्या नसत. त्यातून ऊन रोटांचा वास येई. मला नाक नाही, पण रोटाचा वास मला कळतो.

आमच्या घरात तोवर सून आली होती. मन्वरचा मुलगा गौती मोठा झाला, त्याचं लग्न कुंभार आळीतल्या सेत्तीशी झालं, आणि लग्नाला वर्ष होतंय तोच तो ओरानच्या बंदरावर हमालीला गेला. निदान रहमूनाला तरी तसंच सांगितलं होतं. घरात राहिल्या सासू आणि सून. मी आता सेत्तीच्या चादरीच्या गाठीत बसू लागलो. ती दोन फळ्या नेई. एका फळीवरच्या रोटांवर मला उठवी. दुसऱ्या फळीला मात्र ती माझा स्पर्शही होऊ देत नसे. ते रोट ती कोरेच कुईदरच्या पुढे सरकवी आणि तोही ते न बघितल्यासारखे आत ढकली. दोघं एकमेकांशी त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत.

रहमूनाला मात्र रव्याच्या डेऱ्याचा तळ दिसू लागला होता.

"दोन जिवांच्या घरात रवा जातो कुठे गं?" एके दिवशी तिने विचारलंच. "उंदीर झालेत, का माहेर वाढलंय?"

"लल्ला," सासूला ती असंच म्हणे, "पोरके निघतात ना. भिकाऱ्यांना जातात. पुण्य लागतं."

"भिकारी बरे आमच्याच दारचं पुण्य खातात! तुझी आई कशी आहे? पोट भरतंय ना तिचं?"

सेत्तीने खाली मान घातली. तिच्या ओठावर काहीतरी आलं होतं, ते तिने परत गिळलं. रहमूनाने ती खाली गेलेली मान पाहिली आणि तिची खात्रीच पटली, की पोरगी चोरून माहेरी रोट पोचवते. सुनेची मान खाली गेली की सासवांना त्यात चोरीच दिसते. आळीभर फ्रेंचांचे खबरे शोधत फिरणाऱ्या आमच्या घरात हा वेगळाच खबऱ्या जन्माला आला, आणि तो म्हणजे माझी मालकीण.

एका पहाटे सेत्ती हौदावर पाणी आणायला गेली. रहमूना दबक्या पावलांनी आली, सेत्तीच्या चादरीची गाठ सोडून तिने मला काढलं, कोऱ्या फळीवरचा एकेक रोट हलकेच उलटा केला आणि मला त्याच्या पोटावर दाबलं. खालच्या बाजूला! म्हणजे सुनेला दिसू नये आणि भट्टीवाल्यालाही दिसू नये. भट्टीच्या फरशीवर खालची बाजू दबून राहते, त्यामुळे तिथली खूण पुसट होते, पण जात नाही. मग तिने रोट सुलटे केले, मला पुन्हा गाठीत बांधलं आणि पांघरूण ओढून झोपेचं सोंग घेतलं. दुपारी ती कुंभार आळीत विहिणीच्या घरी गेली. चौकशी केली, कॉफी प्याली आणि सहज म्हणून रोटांची टोपली उघडून प्रत्येक रोट उलटा करून पाहिला. सगळ्यांवर विहिणीच्याच घरची खूण निघाली. विहीण चकित होऊन बघत राहिली. रहमूना परत आली ती आणखीच संशयाने पेटून.

त्यानंतर थोड्याच दिवसांत डोंगरात मोठी चकमक झाली. दिवसभर विमानं घोंगावत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सेत्ती नेहमीसारखी भट्टीवर गेली, आणि आज रहमूनाही तिच्यामागे निघाली, डोळ्यांनी बघू तरी म्हणून. बायका ओळीने बसलेल्या होत्या, फळ्या ओट्यावर मांडलेल्या, शिक्के अजून मारायचे होते. एवढ्यात दारात सावली पडली. फ्रेंच कप्तान, त्याचा दुभाषा आणि मागे बंदुका घेतलेले शिपाई. कप्तानाच्या हातात अर्धा रोट होता. तो त्याने उलटा केला आणि कुईदरच्या नाकासमोर धरला. दुभाषा म्हणाला, "हा डोंगरात एका मेलेल्या डाकूच्या झोळीत मिळाला. ही खूण कुणाच्या घरची?"

पुसट होती, पण फणी ओळखू येत होती. आळीतलं शेंबडं पोरसुद्धा ती ओळखत होतं.

सगळ्या बायकांनी आधी सेत्तीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून कुईदरवर नेली. आता हा बोलणार. चौकीवाल्याचा भाऊ, तपकिरीचा गुलाम, हा आत्ता आमचं नाव घेणार. मलाही तेच वाटलं. कुईदरने रोट हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाला, "नाही ओळखत."

कप्तान हसला. त्याने हुकूम सोडला, की प्रत्येक बाईने आपला शिक्का काढावा आणि त्याच्या डोळ्यांदेखत आपल्या रोटावर मारावा. ओळ सुरू झाली. कुणाचा चांदणीचा, कुणाचा माशाचा, कुणाचा नुसता तीन टिंबांचा. ओळ सेत्तीकडे सरकत होती. तेव्हा सेत्तीने काय केलं, मित्रांनो? कणीक नीट करायच्या निमित्ताने ती फळीवर वाकली, मला गाठीतून काढलं आणि समोरच्या रोटाच्या पोटात खोल दाबून वरून कणीक सारखी केली. मी अंधारात बुडालो. वरून फक्त आवाज ऐकू येत होते.

"हिचा शिक्का?" दुभाष्याने विचारलं.

"आम्ही अंगठाच दाबतो," सेत्ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावर तिचा अंगठा रुतला.

आळीतल्या एकूण एक बाईला ते खोटं कळलं. एकही बाई हूं की चूं करेना. पण कप्तान काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो म्हणाला, सगळे रोट फोडून बघा, संगिनीने. पहिली संगीन पहिल्या रोटात शिरल्याचा आवाज मी ऐकला. मग दुसरी. आता संपलं, असं मला वाटलं.

"थांबा!" हा कुईदरचा आवाज. "अन्नाला हत्यार लावू नका. ती खूण माझी आहे. पोरके रोट निघतात त्यांच्यावर मी मारतो, खालच्या बाजूने. या बायकांना त्यातलं काही ठाऊक नाही."

"शिक्का कुठे आहे?"

"तुम्ही दारात दिसलात तेव्हाच आगीत टाकला. बघायचा असेल तर हात घाला आत."

पुढे काय झालं ते मला दिसलं नाही. काहीतरी पडलं, कुणीतरी शिंकल्यासारखा आवाज केला, आणि बुटांचे आवाज लांब गेले. मग रहमूना पुढे झाली. भट्टीचं लांब फावडं आळीत कुणा बाईने आजवर हातात धरलं नव्हतं, ते तिने उचललं आणि राहिलेले रोट एकेक करून आत सारले. त्यांत मीही आत गेलो. सेत्तीला ओरडता येईना. रोटाच्या पोटात लाकूड जळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी वाफेने फुगलो, मधोमध चिरलो, पण जगलो.

घरी आल्यावर सेत्तीने दार लावलं, रोट मोडला आणि मला बाहेर काढून सासूपुढे ठेवलं.

"मी तर कोरेच रोट द्यायचे, लल्ला. फणी डोंगरात गेली कशी?"

रहमूना माझ्या चिरेवरून बोट फिरवत राहिली.

"कशी गेली?"

"मी मारली," रहमूना म्हणाली. "पोटाला. मला वाटलं तू माहेरी नेतेस. मुद्देमालासकट धरायचं होतं तुला."

"माहेरी?" सेत्ती हसली का रडली ते मला कळलं नाही. "अहो, तुमच्याच पोराला जात होते ते. गौती ओरानला कधी गेलाच नाही, डोंगरात लढायला गेला. आईला सांगू नकोस म्हणाला, अब्बांनंतर ती मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाही."

रहमूनाने मला उचललं, पदरात गुंडाळलं आणि ती भिंतीला टेकून बसली. झोळी कुणाची होती, हा प्रश्न दोघींच्याही मनात एकदमच आला असणार. दोघींनी तो विचारला नाही. मला तिचं हृदय पदरातून ऐकू येत होतं, आणि त्या वेळी मला तिची दया आली, रागही आला.

कुईदर परत आला नाही. थोड्या दिवसांनी त्याच्या बायकोला त्याचे कपडे तेवढे परत मिळाले. आणि तुम्हाला सांगतो, तोवरसुद्धा आळीत दबक्या आवाजात बोलणारे होतेच, की नाटक असेल, बक्षीस घेऊन दुसऱ्या शहरात बसला असेल. त्याची बायको तपकिरीची डबी घेऊन भट्टीवर आली तेव्हा कुठे ती तोंडं बंद झाली. ती म्हणाली, "तपकीर सोडली असती तर चौकीला त्याचा संशय आला असता. मग तुमचे पोरके कुणी भाजले असते?" एवढं बोलून ती गेली. त्यानंतर पोरके रोट कमी झाले नाहीत, उलट वाढले. मिलूदला आता दोन गाढवं लागू लागली. घडामोडींना युद्ध म्हणावं लागलं, आणि वर्षानुवर्षं चाललेलं ते युद्ध एका जुलै महिन्यात संपलं.

त्या जुलैत बायका छतांवर चढून गळा फाटेतो आनंदाच्या किलकाऱ्या देत होत्या. डोंगरातून पोरं उतरत होती. दारात उभी राहून रहमूना आणि सेत्ती प्रत्येक चेहरा निरखत होत्या. गौती आला नाही. त्याच्याऐवजी लखदार नावाचा एक लंगडणारा तरुण आला, गौतीचा सोबती. त्याने कॉफीला हात लावला नाही. तो खाली बघून म्हणाला, की गौती त्या विमानांच्या दिवशीच गेला.

"पण मा," तो रहमूनाकडे वळला, "त्या सकाळी तो फार खुशीत होता. रोट मोडायला घेतला आणि एकदम उलटा करून बघतच राहिला. आम्हाला सगळ्यांना दाखवत सुटला. 'आमची फणी! आईला कळलंय रे. बघा, खालून उठवलीये, कुणाला दिसू नये म्हणून. नाही म्हणाली नाही, उलट शिक्का मारून पाठवलंय.' अर्धाच खाल्ला त्याने. उरलेला झोळीत जपून ठेवला."

रहमूनाचा चेहरा राखेसारखा झाला. लखदार वाट बघत होता. तेव्हा सेत्ती बोलली.

"हो. लल्लानेच उठवला होता. स्वतःच्या हाताने."

लखदारने रहमूनाच्या हाताचं चुंबन घेतलं आणि तो डोळे पुसत गेला. दार लागल्यावर रहमूना म्हणाली, "खोटं का बोललीस गं?"

"त्यात खोटं काय?" सेत्ती म्हणाली. "उठवला तुम्हीच ना?"

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

मित्रांनो, आता आळीत भट्टी नाही. रोट दुकानातून येतो, सगळे एका मापाचे, कुणाचीच खूण नसलेले. मी मधोमध चिरलेला, कुणाच्या कामाचा उरलेलो नाही. तुम्ही पोरं अंगणात मला ओल्या मातीवर दाबून खेळता, खेळा. माझ्या चिरेत माती भरली तर काडीने काढा, एवढीच माझी विनंती. पण माणसावर शिक्का मारण्याआधी त्याला एकदा तोंडाने विचारा. सासू-सून एका चुलीजवळ बसत होत्या, विचारायला काही लागत नव्हतं. कुईदर तर रोज समोर उभा असायचा, आणि तू कुणाच्या बाजूचा, असं त्याला आळीतल्या एकाही माणसाने कधी विचारलं नाही.